जुन्या मोटारीचा गंज

मोटारीच्या दाराच्या तळाशीं, रंगाच्या पापुद्र्याखालीं, हरभऱ्याएवढा एक फोड येतो. मोटारीचा धनी तो नखानें खरवडतो, आंतून तांबूस भुकटी गळते, आणि दोनचारशें रुपयांचें काम आहे असें म्हणून तो निश्चिंत होतो. मोटार अलीकडच्या काळांतली असेल तर त्याचा अंदाज कदाचित् फारसा चुकणार नाहीं. परंतु ती चाळीसपन्नास वर्षांची फियाट किंवा अँबॅसडर असेल तर त्या फोडाचा हिशेब अगदीं निराळा असतो. असला फोड बहुधा आंतून बाहेर आलेला असतो, बाहेरून आंत गेलेला नसतो. आणि तो दिसूं लागेपर्यंत गंजानें पाठीमागचा पत्रा जवळजवळ खाऊन टाकलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे जुन्या मोटारीच्या दुरुस्तीला इतका पैसा कां लागतो, आणि इतका पैसा ओतूनहि पुष्कळांच्या पदरीं निराशा कां येते, याचा उलगडा होऊं लागतो.

लोखंड पृथ्वीच्या पोटांत शुद्ध स्वरूपांत क्वचितच मिळतें. तें प्राणवायूशीं संयोग पावून तांबड्याकाळ्या दगडाच्या रूपानें खाणींत पडलेलें असतें; भट्टींत कोळशाच्या योगानें त्यांतील प्राणवायु काढून घेतला म्हणजे धातु हातीं येतो. पुढें हवा आणि पाणी हीं दोन्ही एकत्र भेटलीं कीं तो धातु पुन्हां आपल्या मूळ स्थितीकडे वळतो. दोहोंपैकीं एकच भेटलें तर गंज चढत नाहीं. शाळेंत मुलांना हें तीन नळ्यांनीं दाखवितात : उकळून निवविलेल्या पाण्यांत खिळा बुडवून वर तेलाचा थर दिला तर तो चकचकीत राहतो; पूर्ण कोरड्या हवेंतला खिळाहि तसाच राहतो; आणि साध्या पाण्यांत अर्धवट बुडालेला खिळा दोनतीन दिवसांत तांबडा होतो. पाण्यांत मीठ असेल तर हें काम फार त्वरेनें होतें, कारण गंजणें ही एक सूक्ष्म विद्युत्क्रिया आहे, आणि खारें पाणी विजेला वाट देतें.

ॲल्युमिनियमवरहि प्राणवायूचा असाच थर चढतो, परंतु तो घट्ट बसून खालच्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो; तो ओल धरून ठेवतो आणि खालच्या धातूला ती पाजीत राहतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षां कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो तयार झाला म्हणजे पाचरीसारखा वागतो आणि सांधा उचकटून टाकतो. यावरचा जुना उपाय जस्ताचा. जस्ती पत्र्याच्या बादलीला ओरखडा पडला तरी ती लगेच गंजत नाहीं, कारण जस्त शेजारच्या लोखंडाच्या आधीं स्वतः झिजतें. पोर्शे या जर्मन कंपनीनें १९७५ च्या सुमारास आपल्या ९११ मोटारीचें अंग जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याचें करण्यास आरंभ केला, आणि हळूहळू इतरांनीं तो मार्ग धरला. त्यापूर्वींच्या बहुतेक मोटारींचें रक्षण रंग, डांबर आणि दैव या तिघांवरच सोंपविलेलें होतें.

मराठवाडा म्हटला कीं दुष्काळ डोळ्यांपुढें येतो, आणि कोरड्या मुलखांतल्या मोटारीचा पत्रा टिकतो ही समजूत सर्वसाधारणपणें खरी आहे. लातूर-धाराशिवकडे उभी राहिलेली मोटार आणि मुंबईंत समुद्राच्या वाऱ्यावर उभी राहिलेली मोटार, दोन्ही एकाच वर्षाच्या असल्या तरी त्यांचे तळ पाहिले तर त्या सख्ख्या बहिणी वाटत नाहींत. किनवटची गोष्ट मात्र मधलीच आहे. नांदेड जिल्ह्यांत सर्वांत अधिक पाऊस किनवट आणि माहूर या बाजूस पडतो. पैनगंगेचें खोरें, सागवानाचें जंगल, सकाळीं उशिरापर्यंत रेंगाळणारें धुकें. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठाच्या वर गेली म्हणजे उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजाचें काम सुरू होतें. येथें उन्हाळ्यांत त्याला सुटी मिळते. मृगापासून दिवाळीपर्यंत तें दिवसरात्र चालतें.

त्याहून वाईट म्हणजे काळी माती. ती चाकाबरोबर उडून मडगार्डाच्या आंतल्या कोपऱ्यांत बसते, आणि चिकण असल्यामुळें तेथून हलत नाहीं. वरून ती वाळलेली दिसते, पण आंत आठआठ दिवस ओल धरून असते. पत्र्याला ओल्या फडक्याची पट्टी बांधून ठेवावी तसा हा प्रकार. शेतकऱ्याची मोटार असली तर तींतून खताचीं पोतींहि जातात. पोटॅशचें खत म्हणजे मिठाचाच एक भाऊबंद. पोतें फाटून त्याचे दाणे सतरंजीखालीं सांडले आणि त्यावर पावसांत भिजलेल्या पायांचें पाणी पडलें कीं किनवटांत बसल्याबसल्या कोंकणचा किनारा तयार होतो. युरोप-अमेरिकेंत हेंच काम रस्त्यावरचें मीठ करतें. तेथें हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं तें मुद्दाम टाकतात, आणि त्याचा परिणाम असा कीं १९८० सालीं इंग्लंडांत लान्चिया या इटालियन कंपनीला आपल्या बीटा जातीच्या कांहीं मोटारी ग्राहकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. इंजिनाला आधार देणाऱ्या चौकटीच्या जागाच गंजल्या होत्या.

आतां मोटारीच्या बांधणीकडे वळलें पाहिजे, कारण खर्चाचें मूळ तेथें आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत, म्हणजे हैदराबादच्या कारभारांत होता. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं प्रवासी मोटारींची वाहतूक सुरू केली ती स्कॉटलंडांत तयार झालेल्या ऑल्बियन जातीच्या २७ गाड्यांनिशीं. त्या काळच्या अशा गाड्यांची रचना बैलगाडीच्या रचनेहून फार दूर गेलेली नव्हती. खालीं जाड पोलादाचा भक्कम सांगाडा, त्यावर इंजिन आणि चाकें. आणि वर लांकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून केलेलें अंग. पत्रा गंजला तर तो उचकटून दुसरा ठोकावा, लांकूड कुजलें तर सुतारानें नवें बसवावें. वरचें सगळें अंग उतरवून ठेवलें तरी खालची गाडी चालूं शके. गंज हा त्या गाडीच्या कपड्यांचा रोग होता, हाडांचा नव्हता.

पुढें महिंद्रांची जीप आली तीहि याच कुळांतली. तिचे पत्रे सपाट, कोपरे सरळ, आणि खालीं वेगळा सांगाडा. म्हणून जंगलखात्यांत आयुष्य काढलेल्या जीपचा तळ चाळणीसारखा झाला तरी तालुक्याच्या गांवचा वेल्डिंगवाला तो कापून नवा पत्रा बसवूं शकतो. त्याला मोठी कला लागत नाहीं, आणि धन्याचें दिवाळें निघत नाहीं. मात्र अशा गाडींत सांगाडा तपासावा. तोच गंजला असेल तर वरचें काम व्यर्थ होय.

फियाटची जात निराळी. वेगळा सांगाडा न ठेवतां मोटारीचें सारें अंगच सांगाड्याचें काम करील अशी युक्ति लान्चियानें १९२२ सालच्या लॅम्डा मोटारींत वापरून दाखविली होती, आणि १९५३ सालीं इटलींत निघालेली फियाट ११०० याच पद्धतीची होती. तळ, दाराखालचे पोकळ उंबरे, खांब, छप्पर हीं सारीं एकमेकांना झाळून एकजीव केलेलीं. अंड्याचें कवच जसें पातळ असून वजन पेलतें तसा हा पातळ पत्रा केवळ आकारामुळें भार सहन करतो. मोटार हलकी होते, पेट्रोल कमी लागतें. सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत हीच मोटार पुढें अनेक वर्षें तयार झाली. १९६४ च्या सुमारास ती 'डिलाइट' म्हणून, मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. महाराष्ट्रांतील डॉक्टर, वकील, कारखानदार यांच्या दाराशीं जी पहिली मोटार आली ती पुष्कळदां हीच. अँबॅसडरहि एकसंध अंगाचीच होती, पण तिचा देह स्थूल. या मोटारींच्या पोटांत गंज शिरला म्हणजे मात्र तो कपड्यांचा रोग राहत नाहीं. येथें कपडा आणि हाड एकच आहे.

दाराखालच्या उंबऱ्याचेंच उदाहरण घ्यावें. ही एक लांबट पोकळ पेटी असते. बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा, आणि अनेक मोटारींत मधें बळकटीसाठीं तिसरा. खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठीं बारीक भोकें असतात. तीं काळ्या मातीनें बुजतात, कांचेच्या फटींतून दारांत शिरलेलें पाणी खालीं उतरून तेथें सांचतें, आणि पेटी आंतून कुजूं लागते. कारखान्यांत रंगाचा फवारा त्या पोकळींत नीट पोंचलेला नसतोच. बाहेर हरभऱ्याएवढा फोड येतो तेव्हां आंतल्या पत्र्याची जाळी झालेली असते.

मिस्त्रीनें हें काम मनापासून करावयाचें ठरविलें तर त्याला प्रथम गाडी रिकामी करावी लागते. आसनें, सतरंज्या, दारांच्या पट्ट्या, विजेच्या तारा, जवळ असेल तर पेट्रोलची टांकी. यांपैकीं कांहींहि ठेवून ठिणगी पाडणें म्हणजे आगीशीं खेळ आहे. मग दाराच्या चौकटींत आडवे नळ झाळून ती जखडावी लागते. ही पायरी गाळणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, आणि तिचें फळ धन्याला शेवटीं कळतें. उंबरा कापला कीं गाडीचें कंबरडें मोडतें. ती मध्यावर केंसभर खचते, आणि तशाच स्थितींत नवा पत्रा झाळला तर दार पुन्हां कधींच नीट लागत नाहीं. नळ जखडल्यावर जुना पत्रा काढावयाचा. कारखान्यांत तो ठिपक्याठिपक्यांनीं झाळलेला असतो. असे डझनावारी ठिपके शोधून एकेक ड्रिलनें उकरावा लागतो, आणि तोहि असा कीं खालच्या पत्र्याला आरपार भोक पडूं नये. पत्रा सुटला कीं आंतलें खरें चित्र दिसतें. जेथें तीन इंच कापावें असें वाटलें होतें तेथें चौदा इंच कापावें लागतें, कारण झाळ धरण्यासाठीं निरोगी धातु लागतो आणि तो जवळ कोठें उरलेलाच नसतो. म्हणूनच जाणता मिस्त्री कापण्यापूर्वीं एकरकमी भाव सांगत नाहीं. त्याला लबाड समजण्यापेक्षां, न उघडतां छातीठोक आंकडा सांगणाऱ्यापासून सावध राहणें बरें.

नंतर नवा तुकडा घडविणें. त्याचा पुठ्ठ्याचा नमुना कापावयाचा, त्यावरून पत्रा कातरावयाचा, लांकडी हातोड्यानें कडा वळवावयाच्या, तो जागीं लावून पाहावयाचा, काढून पुन्हां कानस मारावयाची. हें पंचवीस वेळां. येथें खर्चाचा गंमतीचा भाग येतो. पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा हा पत्रा असतो. नऊ दशांश मिलिमीटर जाडीच्या एक चौरस फूट पोलादी पत्र्याचें वजन साडेसहाशें ग्रॅमच्या आसपास भरतें. किलोला सत्तरऐंशीं रुपये धरले तर तो पन्नास रुपयांचा माल झाला. पण एका बाजूचा उंबरा नीट करण्यांत एक कुशल कारागीर आणि त्याचा मदतनीस यांचे दहा दिवस सहज जातात. एकाची रोजी हजार आणि दुसऱ्याची पांचशें धरली तर पंधरा हजार रुपये मजुरीचेच होतात, आणि अजून रंगाला हात लागलेला नसतो. दुसरी बाजू, तळ, चारी मडगार्डांच्या कडा, मागच्या स्प्रिंगांचे आधार हें सगळें धरीत गेलें म्हणजे बिल मोटारीच्या बाजारभावाला केव्हां ओलांडून जातें तें कळत नाहीं. किनवटसारख्या ठिकाणीं आणखी एक भर पडते. हें काम जाणणारा माणूस गांवांत न मिळाल्यास मोटार ट्रकवर चढवून नांदेडला, किंवा त्याहि पुढें हैदराबादला अगर नागपूरला न्यावी लागते. नांदेडच शंभर किलोमीटरांहून दूर. आणि एकदां मोटार परगांवीं ठेवली कीं कामावर देखरेख राहत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

झाळकामाचा विषय थोडा जास्त बोलण्यासारखा आहे. जुन्या मिस्त्रींचा हात गॅसच्या ज्योतीवर बसलेला असतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचें तपमान तीन हजार अंशांच्या वर जातें, पोलाद दीड हजार अंशांच्या सुमारास वितळतें. म्हणजे उष्णता हाताशीं भरपूर, ती आवरणें हेंच कौशल्य. पातळ पत्रा तापला कीं फुगतो, निवला कीं आकसतो, आणि सरळ असलेलें मडगार्ड पापडासारखें वेडेंवांकडें होतें. मग तें ठोकून सरळ करण्यांत आणखी दोन दिवस. कार्बन डायॉक्साइडच्या झोतांत तार वितळविणारें अलीकडचें यंत्र या बाबतींत सोयीचें; त्यानें एकेक ठिपका येथें, एक तेथें, मधें निवूं देत काम करतां येतें. परंतु तेथेंहि घाई केली तर पत्र्याला भोकें पडतात. नव्या तुकड्याला जस्ती पत्रा वापरावा असें पुष्कळांना सुचतें. कल्पना वाईट नाहीं. पण जस्त ९०७ अंशांवर उकळून वाफ होतें, आणि ती वाफ नाकांत गेली तर कारागिराला त्या रात्रीं थंडी वाजून ताप भरतो. सांध्याजवळचें जस्त आधीं घासून काढावें लागतें, म्हणजे जेथें संरक्षण सर्वांत हवें तेथेंच तें राहत नाहीं.

हीच या सगळ्या उद्योगांतील मोठी अडचण आहे. झाळतांना पत्र्याच्या दुसऱ्या बाजूचा रंग जळून जातो, आणि ती बाजू बंद पेटीच्या आंत असते. तेथें ब्रश पोंचत नाहीं. बाहेरून कितीहि सुरेख रंग दिला तरी आंत उघडें, नुकतेंच तापलेलें लोखंड पावसाची वाट पाहत राहतें. म्हणून काम झाल्यावर बारीक नळीच्या टोंकाच्या फवाऱ्यानें पोकळींत मेण किंवा घट्ट तेल सोडणें अत्यंत अवश्य असतें. हें काम एका तासाचें आहे, त्याला फारसा पैसा पडत नाहीं, आणि तेंच बहुधा होत नाहीं. दोन पावसाळ्यांनंतर पहिल्याच जागीं फोड आला म्हणजे धनी मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री पत्र्याला.

जो गंज कापून काढण्याइतका खोल नाहीं त्याला रासायनिक उपाय आहेत. फॉस्फोरिक आम्ल गंजाचें रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटांत करतें. दुसरा प्रकार टॅनिनाचा, आणि तो या भागांतील लोकांना अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. किनवट-माहूरच्या जंगलांत मिळणाऱ्या हिरड्यांत टॅनिन भरपूर असतें. जुन्या काळीं हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, आणि टॅनिनाशीं गांठ पडली कीं तो काळा व पक्का होतो. डब्यांतून विकत मिळणारें, तांबडा गंज काळा करणारें औषध पुष्कळदां याच तत्त्वावर चालतें. परंतु शाईनें कागद रंगतो, फाटलेला कागद सांधला जात नाहीं. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर हें औषध ठीक. पापुद्रे सुटलेल्या गंजावर तें लावणें म्हणजे भिंत ढांसळत असतां तिला चुना देणें होय. वाळूच्या झोतानें गंज उडविण्याची पद्धतहि आहे. ती सांगाड्याला चांगली, पण बॉनेटसारख्या रुंद पातळ पत्र्यावर अडाण्याच्या हातीं पडली तर पत्रा फुगून येतो. सबंध अंग आम्लाच्या हौदांत बुडविलें तर स्वच्छ निघतें हें खरें. मात्र दुमडलेल्या सांध्यांत राहिलेलें आम्ल कांहीं महिन्यांनीं नव्या रंगाखालून पाझरतें.

इतका खटाटोप टाळण्याचा सोपा मार्ग बाजारांत उपलब्ध आहेच, त्याचें नांव पुट्टी. भोकाच्या मागें जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर पुट्टीचा थर, काचकागदानें घासून गुळगुळीत, वर चकचकीत रंग. तीन दिवसांत मोटार नवरीसारखी सजते. पुट्टी ही वस्तु मुळांत वाईट नाहीं; ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरच्या बारीक खळग्या भरण्यासाठींच ती आहे. पण भोक बुजविण्यासाठीं वापरली म्हणजे ती पाठीमागून ओल शोषते आणि उरलेला पत्राहि खाऊं देते. जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें खिशांत मऊ कापडांत गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक ठेवावा. तो दाराच्या खालच्या भागावर, मडगार्डाच्या कडेवर, उंबऱ्यावर फिरवावा. जेथें तो धरत नाहीं तेथें पत्रा नाहीं, पुट्टी आहे. सतरंजी उचलून तळ पाहावा, बॅटरीखालची जागा पाहावी, कारण तेथें आम्ल सांडलेलें असतें, आणि मागच्या स्प्रिंगा जेथें अंगाला जोडल्या आहेत ती जागा तर आडवें पडून पाहावी. ही शेवटची जागा गेलेली असेल तर मोटार दिसण्यांत कितीहि सुंदर असो, ती चालविणें धोक्याचें आहे. येथें पैशाचा प्रश्न संपतो आणि जिवाचा सुरू होतो.

इंग्लंडांत अशा संकटाला एक निराळी तोड निघाली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें जुन्या मूळ साच्यांवरून एमजी-बी मोटारीचें संपूर्ण नवें अंग १९८८ सालीं पुन्हां तयार करून विकावयास आरंभ केला. तेथील धनी गंजकें कवच टाकून देऊन इंजिन, चाकें, आसनें नव्यांत बसवूं शकतो. पद्मिनीच्या धन्याला असा आधार नाहीं. कुर्ल्याचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें. त्यानंतर कांहीं वर्षें दुसऱ्या मोडलेल्या पद्मिनीचा तुकडा कापून आणणें हा राजमार्ग होता, आणि मुंबईच्या टॅक्सी त्याचें मोठें भांडार होत्या. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती जात नाहींशी झाली. शिवाय समुद्राच्या वाऱ्यावर वीस वर्षें झिजलेल्या टॅक्सीचा उंबरा किनवटच्या मोटारीला लावणें हेंहि फार शहाणपणाचें नव्हे. दारें, डिकीचें झांकण असे सुटे भाग तेवढे उपयोगी पडतात.

कायद्याची बाजूहि लक्षांत घेतली पाहिजे. पंधरा वर्षांवरील मोटारीची नोंदणी पुन्हां करण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यांत आली, आणि त्यावेळीं मोटार तपासणीला उभी करावी लागते. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पुरातन मोटारींसाठीं वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटून गेलेल्या खासगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद मिळूं शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीस ५,०००, आणि नंबराच्या पाटीवर 'व्हीए' हीं अक्षरें. अशी मोटार रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतीची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. १९७४ सालची पद्मिनी २०२४ सालीं या वयाला पोंचली.

परंतु त्याच नियमांत अशी अट आहे कीं मोटार मूळ स्वरूपांत राखलेली असावी, आणि तिचा सांगाडा, अंगाचें कवच किंवा इंजिन यांत बदल होईल अशी मोठी उलथापालथ झालेली नसावी. कवचाचा गंजलेला भाग कापून त्याच आकाराचा नवा बसविणें हा बदल कीं दुरुस्ती? साध्या बुद्धीला ती दुरुस्ती वाटते, आणि ती तशीच मानली जावी हें योग्य; एरव्हीं गंजून मेलेली मोटार मूळ स्वरूपाची आणि वांचविलेली मोटार नकली असा विपरीत न्याय होईल. तरी पण ज्यानें दोन्ही उंबरे, सबंध तळ आणि चारी मडगार्डें नवीं केलीं, त्याला तपासणाऱ्यापुढें कांहीं पुरावा ठेवावा लागणारच. कापण्यापूर्वींचीं छायाचित्रें, काढलेले जुने तुकडे आणि मजुरीच्या पावत्या जपून ठेवणें हें यासाठीं हिताचें.

मग कोणती मोटार दुरुस्त करावी? हा प्रश्न निव्वळ हिशेबाचा मानला तर उत्तर बहुतेक वेळां नकारार्थीच येईल, कारण ओतलेला पैसा विक्रींत परत येत नाहीं. ज्या घरांत वडिलांनीं घेतलेली पहिली मोटार गोठ्याशेजारीं उभी आहे, तेथें हिशेब निराळा असतो आणि तो असावाहि. पण तेथेंच एक चूक नेहमी होते. मोटार आज ना उद्यां करूं म्हणून तिच्यावर ताडपत्री घट्ट बांधून ठेवतात, आणि ताडपत्रीखालीं जमिनीची वाफ कोंडून ती मोटार उघड्यावरच्या मोटारीपेक्षां लौकर कुजते. गोठ्याजवळची हवाहि तिला मानवत नाहीं. दुरुस्तीचा पैसा आज नसेल तर निदान रोग वाढूं नये एवढें करणें शक्य असतें, आणि तें धन्याच्या स्वतःच्या हातचें आहे. मोटार विटांवर किंवा ठोकळ्यांवर उचलून छपराखालीं, चारी बाजूंनीं वारा खेळेल अशी ठेवावी; सतरंज्या आणि त्यांखालचा नमदा बाहेर काढावा, कारण तो ओला राहिला तर तळ जातो; खतपोत्यांच्या जागा गोड्या पाण्यानें धुवाव्या.

मृगापूर्वींचें मुख्य काम मात्र खालचें आहे. मडगार्डांतली माती पाण्याच्या झोतानें काढावी, दारांच्या आणि उंबऱ्यांच्या तळचीं भोकें तारेनें मोकळीं करावीं. पुष्कळ गॅरेजांत पावसाळ्याच्या तोंडीं तळावर जुनें इंजिन-ऑइल आणि डिझेल यांचा फवारा मारतात. तो स्वस्त आहे आणि अगदींच निरुपयोगी नाहीं, मात्र रबराच्या भागांवर आणि ब्रेकांवर तो उडूं देऊं नये. आणि तो मारण्याचा क्रम सांभाळावा : आधीं धुणें, मग मेच्या उन्हांत दोनतीन दिवस पूर्ण वाळविणें, आणि नंतर तेल. ओल्या मातीवरच तेल मारलें तर ती ओल आंत कोंडली जाते, आणि दसऱ्याला मोटार पुन्हां उचलून पाहिली म्हणजे तेलाच्या काळ्या थराखालून तांबडे पापुद्रे हाताला लागतात.